खाणीची पूड, घरची ओल

घट बसायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा एकदा, असं आपल्याकडे घर दोनदा झाडून निघतं. माळे रिकामे होतात, पंख्यांची पाती पुसली जातात, गाद्यांना गच्चीवर ऊन दाखवलं जातं. पनवेलजवळच्या रोडपालीत या साफसफाईत एक काम जास्तीचं असतं : सरकत्या काचांच्या खोबणीत बसलेला थर खरवडून काढणं. तो कधी राखाडी, कधी काळपट. बोटांत चुरला तर कधी मऊ, कधी रवाळ. घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल आणि त्याला ‘धुळीची सर्दी’ असेल, तर त्या दिवशी त्याची रवानगी शेजारी होते. सर्दी मात्र परत आल्यावरही तिथेच असते. कारण खिडकीतली धूळ पुसून झाली तरी गादीतली, भिंतीतली आणि उद्या सकाळी येणारी धूळ शिल्लक राहते.

खाणीच्या कचऱ्याशेजारी वाढणाऱ्या मुलांच्या ॲलर्जीविषयी जगभरात जे समजलंय, त्याचं सार काढलं तर ते याच दोन धुळींच्या भेटीत आहे. एक बाहेरून येते, एक घरात तयार होते. बाहेरचीवर सरकारी नियम आहेत आणि आतलीवर आईला सल्ले आहेत. या दोहोंचा हिशेब एकत्र मांडायला मात्र कोणी बसत नाही. तो इथे मांडून पाहू.

खाण नसलेल्या गावातली खाण

रोडपाली हे पनवेल तालुक्यातलं जुनं गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, भातशेतीच्या आणि खाजणाच्या जमिनी शहरासाठी गेल्या आणि गावाभोवती कळंबोलीची सेक्टरं उभी राहिली. आज तलाव, गावठाण आणि त्यांना वेढून सात-सात मजली सोसायट्या असं त्याचं रूप आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. उत्तरेला तळोजा औद्योगिक वसाहत. मधून कासाडी नदी. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण एका मच्छीमाराच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या रंगाच्या भटक्या कुत्र्यांची छायाचित्रं जगभर छापून आली, ती याच तळोज्याची. राज्यातल्या धोकादायक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं एक सामायिक केंद्रही याच वसाहतीत आहे. दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा पोलाद बाजार, जो मुंबईतल्या दारूखाना आणि कारनॅक बंदर भागातला लोखंडाचा व्यापार हलवण्यासाठी वसवला गेला. आणि या सगळ्याला बांधून ठेवणारे महामार्ग : शीव-पनवेल, मुंब्रा-पनवेल आणि कळंबोलीपासून सुरू होणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग.

खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो कोळसा किंवा लोहखनिज. तशी खाण रोडपालीत नाही. पण नवी मुंबई ज्या दगडातून उभी राहिली तो दगड इथल्याच डोंगरांतून आला. पारसिकच्या डोंगररांगेचे कापलेले कडे अजून दिसतात. पनवेल तालुक्यात कुंडेवहाळ, ओवळे या बाजूला दगडखाणी आणि क्रशर चालत आले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली गेली; ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. सुरुंगानंतर दगड क्रशरमध्ये जातो. जाळीवरून खडी, ग्रिट, क्रशसँड वेगळी होते आणि उरते ती कच. वरचा माती-मुरमाचा थर आधीच बाजूला ढिगात पडलेला असतो. माल हायवा आणि डंपरमधून निघतो. ताडपत्री असली तर असली. रस्त्यावर सांडलेलं चाकांखाली दळलं जातं. त्यात बांधकामांचा राडारोडा मिसळतो, रात्री कोणीतरी मोकळ्या प्लॉटवर तोही टाकून जातं.

म्हणजे खाणीचा कचरा खाणीपाशी थांबत नाही. तो हप्त्याहप्त्यानं शहराकडे सरकतो आणि महामार्गाला लागून राहणाऱ्याच्या घरात शिरतो. कागदोपत्री मात्र दगड हे ‘गौण खनिज’. पाच हेक्टरपेक्षा लहान दगडखाणींना पर्यावरण मंजुरी लागतच नसे. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात ती पळवाट बुजवली. तोवर नवी मुंबईची बहुतेक सेक्टरं बांधून झाली होती.

प्रत्येक ढिगाची जात वेगळी

धूळ ती धूळ असं म्हणून चालत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मोकळी सिलिका फारशी नसते. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्माच्या खाणीत ती भरपूर असते. म्हणून पनवेलच्या क्रशरवरचा कामगार आणि राजस्थानातल्या वालुकाश्माच्या खाणीतला कामगार यांच्या फुप्फुसांपुढचा धोका सारखा नाही. पण सिलिका कमी म्हणजे धूळ निरुपद्रवी, असाही अर्थ निघत नाही. कणाचा आकारही तितकाच महत्त्वाचा. मोठा कण नाकात अडकतो, शिंक आणतो, डोळे चुरचुरवतो. दहा मायक्रॉनच्या आतला घशापलीकडे श्वासनलिकांत जातो. अडीच मायक्रॉनच्या आतला फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. आणि हे सर्वांत बारीक कण दगडापेक्षा डिझेल, भट्ट्या आणि जाळलेला कचरा यांतून जास्त येतात. रोडपालीत हे सगळे एकाच श्वासात असतात.

गोव्यात चित्र निराळं आहे. तिथे एक टन लोहखनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत असे तांबडे डोंगर माणसांनी रचलेले आहेत. पावसाळ्यात त्यांची लाल माती शेतांत आणि ओहोळांत उतरते, उन्हाळ्यात तीच हवेत चढते. सत्तरीतलं सोनशी हे गाव खाणींनी वेढलेलं. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीला आणि पाण्याच्या टंचाईला कंटाळून एप्रिल २०१७ मध्ये लोकांनी ट्रक अडवले, तेव्हा ४५ ग्रामस्थांना अटक झाली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रक थांबले, ढीग तिथेच राहिले.

त्या ढिगांना हिरवं करायला जी झाडं लावली, त्यांतलं एक ठळक नाव ऑस्ट्रेलियन बाभळीचं, म्हणजे अकेशियाचं. निकस मातीत ती भराभर वाढते, माती धरून ठेवते, हे तिचं काम. पण तिच्या पिवळ्या तुऱ्यांतल्या परागकणांची ॲलर्जी होऊ शकते, असं भारतातल्याच अभ्यासांत आढळलंय. कोकणात आणि देशावर उकरलेल्या, टाकलेल्या, राडारोड्याच्या जमिनीवर कोणी न लावता उगवतं ते गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि त्यानं होणारा त्वचेचा दाह पुढच्या पिढीतल्या त्वचारोगतज्ज्ञांना पाठ झाला. ढीग उघडा ठेवला तर धूळ, झाकला तर कशानं झाकला हा प्रश्न.

चंद्रपूरकडे ढीग काळे. घुग्घूस, दुर्गापूर, पद्मापूर या पट्ट्यात उघड्या कोळसा खाणींवरचा उपसा टेकड्यांसारखा साठलेला आहे. त्यात राहिलेला कोळसा हवेशी संयोग होऊन आपोआप तापतो आणि आतून धुमसतो. मग धुळीबरोबर धूरही येतो. शेजारी औष्णिक वीज केंद्राची राख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं. त्याच यादीत नवी मुंबईला ७३.७७ गुण होते.

जोहान्सबर्गच्या मुलांना विचारलेला प्रश्न

खाणीच्या ढिगाजवळच्या मुलांची सर्वांत नेमकी पाहणी झाली ती दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गजवळ १८८६ मध्ये सोनं सापडलं. तेव्हापासून दळलेल्या, सायनाइडनं धुतलेल्या खडकाचे पिवळसर ढीग शहराच्या कडेनं साठत गेले. वस्त्या आधी दूर होत्या. शहर वाढलं तशा जवळ आल्या. गोरगरिबांना घरं मिळाली ती ढिगाच्या वाऱ्याखाली.

२०१२ मध्ये संशोधक वुसुमुझी न्कोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाउटेंग आणि नॉर्थ वेस्ट प्रांतांतल्या पाच ढिगांभोवतीच्या वस्त्या निवडल्या. एक ते दोन किलोमीटरवरच्या एका बाजूला आणि पाच किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या दुसऱ्या बाजूला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक जगन्मान्य प्रश्नावली दिली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाची ही प्रश्नावली मुंबई, पुणे, अकोला इथल्या मुलांनीही पूर्वी भरून दिलेली आहे. त्यातला मुख्य प्रश्न साधा आहे : गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला का?

ढिगाजवळच्या मुलांत घरघरीची शक्यता सुमारे १.४ पट आणि नाक-डोळ्यांच्या ॲलर्जीची सुमारे दीडपट निघाली. पण ‘तुला दमा आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी मुलं ढिगाजवळ कमी भरली, तीही थोडीथोडकी कमी नव्हेत. छाती वाजते, दमा मात्र नाही. याच गटानं पंचावन्न वर्षांवरच्या लोकांचा वेगळा अभ्यास केला, तेव्हा जवळच्या वस्त्यांत दमा, जुनाट ब्राँकायटिस, जुना खोकला हे सगळंच जास्त आढळलं.

मुलांच्या उत्तरातल्या या विसंगतीचा एक सरळ अर्थ लागतो. घरघर मुलाला स्वतः ऐकू येते. दमा आहे हे डॉक्टरनं सांगावं लागतं. जिथे डॉक्टर लांब आणि फी जड, तिथे आजार असतो, पण त्याचं निदान नसतं. आपल्याकडे याला आकड्यांचा आधार आहे. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतातल्या पाहणीत पुण्यासह अनेक शहरांतली मुलं आणि त्यांचे पालक यांना असेच प्रश्न विचारले गेले. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ज्यांची छाती वाजते त्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं.

रोडपालीतल्या वैद्यकीय कागदावरही हेच दिसेल. ‘सर्दी-खोकला’, ‘कफ’, ‘ॲलर्जिक’, फार तर लहानपणीचा ‘बाळदमा’, जो मोठेपणी जातो असं आजी सांगते. दर पावसाळ्यात अँटिबायोटिक, दर थंडीत कफ सिरप आणि वर्षभर वाफ. पंपाला मात्र घरातला विरोध : ‘एकदा लागला की सुटत नाही.’ साल्बुटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. ज्याला जास्त औषध म्हणून नाकारलं जातं ते प्रत्यक्षात कमी असतं, आणि थेट जिथे हवं तिथे जातं. मुलगी असेल तर आणखी एक कुलूप : लग्नाच्या वेळी कोणी विचारेल. म्हणून तिचा पंप दप्तरात नसतो, कपाटात असतो. धाप लागते ती शाळेत, जिन्यावर, बसस्टॉपवर.

दगडाची ॲलर्जी होते का?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काटेकोर अर्थानं दगडाच्या धुळीची ॲलर्जी होत नाही. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला, बहुधा प्रथिनाला, शत्रू ठरवून त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करणं. ते प्रथिन कीटकाच्या विष्ठेतलं असेल, बुरशीच्या बीजाणूतलं, परागाचं किंवा झुरळाचं. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांसारखे धातू हा अपवाद. त्यांचं वावडं खरोखर निर्माण होऊ शकतं आणि पोलादाच्या धंद्याशेजारी तो अपवाद विसरून चालत नाही.

मग खनिजाची धूळ काय करते? ती वाट मोकळी करते. श्वासनलिकांच्या आतलं अस्तर दाटीनं जुळलेल्या पेशींचं असतं. बारीक कणांचा मारा सतत झाला की तिथे दाह होतो, पेशींमधली सांधणी ढिली पडते आणि एरवी वरच्यावर निघून जाणारं प्रथिन खोलवर पोचतं. सिलिकेचे कण संरक्षण यंत्रणेला चेतवतात. डिझेलच्या धुराबाबत तर १९९०च्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांवर प्रयोग झाले : परागाबरोबर डिझेलचे कण नाकात गेले तर त्या परागाविरुद्धची आयजीई प्रतिक्रिया एकट्या परागाच्या तुलनेत कितीतरी वाढते. ठिणगी घरातली आणि वारा बाहेरचा, असा हा मामला आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. खाणीच्या ढिगाजवळ राहणाऱ्या मुलाची ॲलर्जीची चाचणी केली तर अहवालात ढिगाचं नाव येणारच नाही. ‘हाऊस डस्ट माइट’, ‘कॉक्रोच’, ‘अस्परजिलस’ अशी नावं येतील आणि ढीग सुटेल. दुसरं असं, की ढिगाशेजारच्या घरात ओल आणि गादी यांचं महत्त्व इतर घरांपेक्षा जास्त असतं. ढिगाशेजारी नसलेल्या घरात जी बुरशी खपून जाते ती इथे खपत नाही.

बंद खिडकीच्या आत

बाहेर धूळ, म्हणून खिडकी लावायची. त्यानंतर घरात काय होतं ते पाहू.

कळंबोली-रोडपालीतल्या बऱ्याच घरांत बाल्कनी खोलीत घेऊन सरकत्या काचा बसवलेल्या असतात. त्यामुळे एक खोली मिळते आणि आरपार वाहणारा वारा बंद होतो. पावसाळ्याचे चार महिने कपडे घरातच वाळतात. बाहेरच्या भिंतीला गळती असते, आतून रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाटामागे हिरवट-काळी बुरशी चढते. खाजणावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या वस्तीत तळमजल्याची ओल तर हिवाळ्यापर्यंत जात नाही.

धुळीतला माइट हा कोळ्याच्या कुळातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान जीव. तो चावत नाही. आपल्या त्वचेच्या झडलेल्या खवल्यांवर जगतो आणि पाणी हवेतल्या आर्द्रतेतून शोषतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली उतरली की तो तग धरत नाही. ७०-८० टक्क्यांत त्याची भरभराट होते. कोकणपट्टीचा पावसाळा त्याच्यासाठीच बनल्यासारखा. त्रास देते ती त्याची विष्ठा. तिचे कण जड असल्यानं हवेत फार वेळ तरंगत नाहीत, गादी झटकली, कूस बदलली, कोरडा झाडू मारला की उडतात आणि काही मिनिटांत बसतात. म्हणजे मूल त्यांना भेटतं ते रात्री, उशीवर नाक टेकवून.

त्याच खोलीत संध्याकाळी मच्छर अगरबत्ती लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळाली तर तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. तलाव, उघडी गटारं आणि नदीकाठ असलेल्या वस्तीत डास हा ऐच्छिक विषय नाही. डेंग्यूची भीती खरी आहे. खिडकीला जाळी असती तर कॉइल लागली नसती आणि खिडकीही उघडी राहिली असती. पण भाड्याच्या घरात जाळी कोणी बसवायची, मालकानं की भाडेकरूनं, यावर गाडं अडतं. त्यात देवापुढचा धूप, फोडणीचा ठसका, डक्टमधून वर येणारी झुरळं. चार माणसं एका खोलीत झोपणारी.

खिडकी उघडी ठेवली तर डंपरची धूळ. लावली तर ओल, माइट आणि धूर. खाणीशेजारच्या घराची कोंडी ती हीच. गोव्यातल्या खाणपट्ट्यात, चंद्रपूरच्या खाण वसाहतींत, जोहान्सबर्गच्या वस्त्यांत थोड्याफार फरकानं तीच दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या पाहणीनं म्हणूनच ढिगापासूनच्या अंतरासोबत घराजवळून जाणारे ट्रक, घरातलं इंधन आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का, हेही विचारलं होतं. अंतर हा आकडा आणि घर ही परिस्थिती. दोन्ही मिळून मुलाची छाती ठरते.

आपल्याकडे मात्र सल्ला फक्त घरालाच मिळतो. ‘घर स्वच्छ ठेवा, चादरी धुवा, धूळ होऊ देऊ नका.’ तो चुकीचा नाही, पण तो ऐकणारी बाई दिवसातून दोनदा फरशी पुसते आणि तिसऱ्यांदा पुन्हा थर बसतो. मूल आजारी पडलं की नातेवाईक तिच्याच घरकामाकडे बघतात. क्रशरला पाणी मारलं का, डंपरवर ताडपत्री होती का, हे तिला कोणी विचारत नाही आणि तिनं विचारलं तर कोणी सांगत नाही.

पहाटेचे सोळाशे मीटर

रोडपालीत नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय आहे. भरतीचा हंगाम जवळ आला की पनवेल, उरण, कर्जत, खालापूरची आणि त्याहून लांबची मुलंमुली मैदानावर, रस्त्याच्या कडेला, तलावाभोवती धावताना दिसतात. शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदावर गुण. सराव अर्थातच पहाटे, कारण दिवसा क्लास किंवा काम आणि पहाटेची हवा शुद्ध, अशी आपली पिढीजात समजूत.

पनवेल-तळोजा पट्ट्यात ही समजूत खरी ठरत नाही. ‘वातावरण’ या संस्थेनं खारघर, तळोजा, पनवेल परिसरात हवा मोजून २०२० च्या सुरुवातीला जे मांडलं त्यानुसार इथले रहिवासी दिवसातले १७ तास प्रदूषित हवा घेतात आणि सर्वांत वाईट काळ संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंतचा. कारण भूगोलातही आहे. पारसिक-खारघरचे डोंगर एका बाजूला, माथेरानची रांग दुसऱ्या बाजूला. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि हवा ढवळून निघते. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली सोडलेलं सगळं खालीच फिरत राहतं. कारखान्यांतून रात्री जास्त धूर सोडला जातो ही लोकांची जुनी तक्रार आहे. ती बाजूला ठेवली तरी तेवढाच धूर रात्री जास्त साठेल.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जीव तोडून धावणारा साठ लिटरच्या पुढे जातो आणि तोंडानं श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. ज्याचा दमा ओळखला गेलेला नाही अशा मुलाची छाती धावल्यानंतर पाच-दहा मिनिटांत आवळते. त्याला वाटतं स्टॅमिना कमी पडतो. तो आणखी लवकर उठतो, आणखी धावतो. ज्या आजारावर नियमित औषध घेऊन खेळाडू ऑलिम्पिकपर्यंत जातात, त्या आजारापायी इथे एखादी भरती हातची जाऊ शकते, आणि तशी गेली हे कुठेही नोंदलं जात नाही.

हवा मोजणारी सरकारी यंत्रं आता इथे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत नोंद घेणारी केंद्रं कळंबोलीत आणि तळोज्याजवळ तोंडऱ्यात आहेत. भारतीय मानकानुसार दहा मायक्रॉनच्या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ४५. पण २४ तासांच्या सरासरीत पहाटेचे दोन तास बुडून जातात. मैदानावर जाणाऱ्याला हवा असतो तो त्याच्या तासाचा आकडा, आणि तो मैदानाच्या फाटकावर लिहिलेला हवा.

करायचं काय, आणि कोणी

घरात करण्यासारखं आहे आणि ते महाग नाही. आधी ओल : गळती थांबवणं, कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवणं, बुरशी खरवडून मग रंग. मग झोपायची जागा : कापसाच्या गादीला आणि गोधड्यांना कडक ऊन, चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं, आणि झाडताना-पुसताना मूल दुसऱ्या खोलीत. कॉइलऐवजी मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी. खिडकी रात्रभर बंद असेल तर दुपारी, समुद्रावरचा वारा सुटल्यावर, उघडायची. पहाटेचा सराव सकाळी आठनंतर किंवा दुपारी उशिरा करता आला तर करायचा. यातलं बरंचसं आपल्या आज्या करतच होत्या. ऊन दाखवणं हा शब्दप्रयोग काही डॉक्टरांनी आणलेला नाही.

पण घराची मजल इतकीच. क्रशरसाठीचे नियम लिहिलेले आहेत : धूळ दाबणारी यंत्रणा, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारातले पक्के रस्ते, जमीन ओली ठेवणं, कडेनं झाडांची पट्टी. सुरुंग लावणारी खाण वस्तीपासून किमान २०० मीटर असावी, असं केंद्रीय मंडळानं सुचवलेलं आहे. मोठ्या खनिजांच्या जिल्ह्यांत २०१५ च्या कायदा दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याचा पैसा खाणबाधितांच्या आरोग्यावर आणि प्रदूषण रोखण्यावर खर्चावा असं धोरण आहे. चंद्रपुरात त्या पैशातून शाळाशाळांत मुलांचा श्वास मोजणं सहज शक्य आहे. पीक फ्लो मीटर हे फुंकर मारायचं साधं उपकरण काही शे रुपयांत मिळतं.

आणि एक यंत्रणा तर तयारच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरुवात झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. त्यानं शोधायच्या ठरलेल्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आवळण्याचा आजार, म्हणजे दमाच, लिहिलेला आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. तपासणीच्या दिवशी छाती वाजत नसेल तर स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही. म्हणून बारा महिन्यांचा प्रश्न विचारावा लागतो. आणि रोडपालीसारख्या वस्तीतली कितीतरी मुलं विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आहेत, जिथे हे पथक जात नाही.

तेव्हा मागणी छोटी ठेवू. पुढच्या शालेय तपासणीत, पनवेलच्या हद्दीतल्या प्रत्येक शाळेत, आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत विचारावं : गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर झाली का? रात्री खोकल्यानं जाग आली का? धावल्यावर छाती आवळते का? त्या उत्तराशेजारी दोन रकाने असावेत. एकात घराचं महामार्गापासून, कारखान्यापासून, क्रशरपासून किंवा ढिगापासून अंतर. दुसऱ्यात घरात ओल आहे का, कॉइल लागते का. हा तक्ता भरायला एक सत्र पुरेल. ‘हो’ म्हणणाऱ्या मुलांना औषध मिळेल, त्यांच्या आईला नुसत्या सल्ल्याऐवजी निदान मिळेल. आणि अंतराच्या रकान्यात जिथे ‘हो’ दाटतील, तिथला रस्ता, क्रशर किंवा ढीग कोणाच्या अखत्यारीत येतो हे महापालिकेला, प्रदूषण मंडळाला आणि खनिकर्म विभागाला एकमेकांकडे बोट न दाखवता सांगावं लागेल.